मागल्या दारचा बोखाडा

मी खाऱ्या पान्याची. उरनच्या अंगाला खाडीला लागून आमचं गाव, बापूस मिठागरावर कामाला, आयस पन तिथंच, आनि आमी भावंडं मिठाच्या ढिगांच्या आजूबाजूला खेळून वाढलेली, तर झाड म्हंजे काय ते लगीन व्हईपर्यंत मला नीट ठावंच नव्हतं, ताई, खोटं नाय सांगत. आमच्याकडं एक तिवर. जिकडं बघाल तिकडं तिवर, चिखलात पाय रोवून उभा, भरतीला गळ्यापर्यंत पान्यात, ओहोटीला उघडा, आनि पान जिभेला लावलं तर खारट. देवळापाशी एक भेंडीचं झाड व्हतं, त्याच्या सावलीला सगळा गाव बसायचा, मानसं, कुत्री, कोंबड्या, सगळी एकाच सावलीत. गोडं पानी लांबून हंड्यानं आनायचं. आनि बापानं माजं नाव ठेवलं यमुना. त्यानं जन्मात नदी बघितली नव्हती, पन नाव ठेवलं यमुना. मी विचारायची, बाबा, यमुना कोन, तर सांगायचा, लय गोडं पानी असतं तिचं, तुला तसल्या घरी देईन.

आनि दिली बरं का. पनवेलच्या वरच्या अंगाला, डोंगराकडं, गाढी नदीला जाऊन मिळनारा यो वहाळ, त्याच्या काठावर हे घर. मागल्या दारातून चार पावलं टाकली का पानी. मामानं स्थळ आनलं तवा सांगितलं, पोरगा मांडव घालतो, लगीनघरचे मांडव, आनि घराच्या मागं पानी वाहतं. मी म्हनलं, मामा, पोरगा कसा हाय ते नंतर सांग, पानी गोडं हाय ना. मामा हसून हसून खाली बसला. ही गोष्ट त्यानं माज्या नवऱ्याला सांगितली, आनि आमचं मानूस अजून कोनी पावना आला का त्याला सांगतं, का हिनं माज्याशी नाय, वहाळाशी लगीन लावलं.

आता मांडव म्हंजे तुमी जो बघता, कापडाचा, झालरीवाला, तो नाय. आमचा मांडव पानांचा. दारात मेढी रोवायच्या, मेढी म्हंजे खांब, वर बांबू आडवे टाकायचे आनि त्याच्यावर जांभळीचे टाळ, टाळ म्हंजे पानांनी भरलेल्या डहाळ्या. अशा दाट का वैशाखाच्या दुपारी पन खाली गारवा. आनि सगळ्या मेढींत एक मेढ मानाची, ती उंबराची. तिला हळद लावायची, तिच्यापाशी नवरा-नवरीला बसवायचं, तिच्याशिवाय लगीन लागत नाय. ती उंबराची फांदी आनायचा मान घरच्या जावयाचा. दुसऱ्या कोनी आनलेली चालत नाय.

आनि अशीच जाऊन तोडायची नाय. हे नीट ऐका ताई, कारन पुढचं सगळं ह्याच्यावर हाय. आदल्या दिवशी तिन्हीसांजेला जावयानं वहाळावर जायचं, उंबराला हळद-कुंकू लावायचं, तांदूळ वाहायचे आनि त्याला आवतान द्यायचं. जसं मानसाला देतो तसंच. उद्या आमच्या घरी लगीन हाय, यायचं हां. असं तोंडानं म्हनायचं. मग दुसऱ्या दिवशी पहाटे, उजाडायच्या आत, कोनाशी न बोलता जायचं, फांदी तोडायची, खांद्यावर घ्यायची आनि मागं वळून न बघता घरी यायचं. झाड पावना म्हनून येतं. बिनआवतानाचं झाड मांडवात उभं करत नाय.

तर माज्या लग्नाच्या वक्ताला घरचा जावई म्हंजे माज्या ननंदेचा नवरा, धर्माभावोजी. मानूस सोन्यासारखा, तवा पन आनि आता पन, पन सासरच्या लग्नात आला म्हनल्यावर ताडी ही व्हनारच. आदल्या दिवशी तिन्हीसांजेला गेला, वरल्या वळनावर मोठा उंबर व्हता त्याला हळद-कुंकू लावलं, तांदूळ वाहिले, आवतान दिलं, सगळं बरोबर केलं. मग घरी येऊन बसला मानसांबरोबर. पहाटे उठवलं तर डोळा एक उघडा, एक बंद. बोलायचं नाय असा नियम, म्हनून बरोबर कोन नाय, कोनाला विचारायची सोय नाय. आनि त्या वळनावर उंबराच्या बाजूलाच बोखाडा उभा व्हता. बोखाडा म्हंजे उंबराचाच भाऊबंद, त्याला पन खोडावर तशीच फळं लगडतात, अंधारात हाताला तशीच लागतात. कोनी काळा उंबर पन म्हनतं त्याला. पन मानाचा नाय, देवाधर्माला चालत नाय, वहाळाच्या कडंला आपला उगवतो, गुरं पाला खातात, एवढंच. भावोजींनी फळं चाचपली, कोयता घातला, खांद्यावर टाकली फांदी आनि मागं वळून न बघता, नियमानं, घरी.

वळून बघितलं असतं तर दिसलं असतं, असं आमची ननंद अजून म्हनते.

मेढ रोवली. वर जांभळीचे टाळ एवढे दाट का त्या फांदीचा शेंडा त्यात बुडून गेला, कोनाला पान दिसलं नाय. मी वऱ्हाडाबरोबर टेम्पोत बसून आले, आमच्या दोन्ही गावांत लगीन नवऱ्याच्या दारात लागायचं. आमच्यात भटजी नंतरचा, आदी धवलारीन, म्हंजे बाईच असते, ती गानी म्हनत म्हनत एकेक विधी करते, गान्यात सगळं येतं, कुठला देव, कुठली नदी, कुठलं झाड. ती उंबराचं गानं म्हनत व्हती आनि माजी सासू मेढीला हळद लावत व्हती. हळद लावता लावता वरचा एक टाळ सरकला आनि पान तिच्या हाताला घासलं. उंबराचं पान गुळगुळीत. बोखाड्याचं खरखरीत, हात फिरवला तर कातडी सोलंल असं. सासूचा हात थांबला. तिनं पान पुन्ना चोळलं. मग तिनं मान वळवून धर्माभावोजींकडं असं बघितलं का तो मानूस बसल्या जागी शुद्धीवर आला.

आता काय करनार. एकदा रोवलेली मानाची मेढ उपटत नाय, तो तर अजून मोठा अपशकुन. धवलारीन बाई शहानी, तिनं गानं मोडलं नाय, उंबराच्या नावानं बोखाड्याला सगळं वाहिलं. लगीन लागलं. मला मुंडावळ्यांच्या आड काय कळंना, फक्त एवढं दिसत व्हतं का सासरची सगळी बायामानसं तोंडावर पदर घेऊन हालतायत. मला वाटलं, रडतायत. हसत व्हत्या.

पन सासू हसली नाय. लगीन उरकलं, वऱ्हाड गेलं, आनि दुसऱ्या दिवशी चुलीपाशी मला म्हनाली, बाय, हे लगीन कच्चं. आवतान दिलं उंबराला आनि आला बोखाडा. बिनआवतानाच्या पावन्यावर लगीन लागलं, ते किती टिकंल देव जाने. मी सोळा-सतरा वर्सांची, खाडीवरची पोर, मला काय कळतंय. मी रातभर उशीत तोंड खुपसून रडले. का सांगू, मला ते घर आवडलं व्हतं. एका दिवसात आवडलं व्हतं. मागल्या दारात बसले आनि पान्याचा आवाज ऐकला आनि निरगुडीचा वास आला आनि वाटलं, मला इथून कोनी काढू नये. आनि ही बाई म्हनते, टिकनार नाय.

त्या दिवसापासून मी बोखाड्यावरची. भांडं पडलं, बोखाड्यावरची. भात करपला, बोखाड्यावरची. कुनाच्या लग्नात मेढीला हळद लावायला सवाष्णी उभ्या ऱ्हायल्या का सासू मला हळूच मागं घ्यायची, हिचं ऱ्हाऊ द्या. मारझोड नाय हां, उपाशी ठेवलं नाय, जेवाय आपल्या हातानं वाढायची, मासा मोठा मला द्यायची. पन मेढीला हात लावू द्यायची नाय. ते मला लागायचं. लय लागायचं, ताई.

मांडव उतरला का मेढ उकिरड्यावर टाकत नाय, पायाखाली येता कामा नये, म्हनून वहाळात सोडायची. आमच्या मानसाला खांद्यावर घेऊन खाली उतरायचा कंटाळा आला, का मुद्दाम केलं त्यानं, अजून सांगत नाय, त्यानं मागल्या दारीच काठावरच्या ओल्या चिखलात ती उभी खोचली. पावसाळा आला, मी धुनं धुवायला उतरले तर त्या सुक्या दांड्याला हिरवे कोंब. मी ओरडले. सासू धावत आली, तिला वाटलं, साप. बघते तर बोखाडा फुटलेला.

आता गंमत बघा. मेढ म्हनून त्याला तोडता येत नाय, हळद लागलेली हाय. आनि बोखाडा म्हनून त्याला हात जोडता येत नाय. म्हातारी पंचाइतीत पडली. जाता-येता त्याच्याकडं बघायची आनि तोंड फिरवायची. दोन-तीन पावसाळ्यांत तो घराच्या पत्र्याला टेकला. मी गुपचूप त्याच्याशी बोलायची, सांगायची, बाबा, तू नीट ऱ्हा, तुज्यावर माजं सगळं हाय. हसू नका. नवी सून दुसरं कोनाशी बोलनार.

वहाळ मला आमच्या मानसानंच शिकवला. मांडवाचा मानूस म्हंजे सगळा काठ त्याला लागतो ना, मेढीला एक, बांधायला एक, टाळाला एक. मी बघितलं का इथं झाडं कशीपन उभी नसतात. पंगत बसते ना लग्नात, तशी बसलेली असतात. अगदी पुढं, पाय पान्यात सोडून, लव्हाळा आनि वाळा, ती पोराटोरांची पंगत. दगडांच्या मधी शेरनीचं झुडूप, वाकतं पन उपटत नाय, कितीबी पानी आलं तरी. मग वाळुंज, पान्यावर वाकून बघनारा, त्याला सगळ्यांच्या भानगडी हव्यात. मग निरगुडी, घोळक्यानं, बायकांसारखी. करंज नि जांभूळ नि उंबर ही वयस्कर मंडळी, जरा मागं, सावली धरून. आनि केवडा कोपऱ्यात फुगून बसलेला, त्याच्या जवळ कोनी बसत नाय, काटे हायत, पन वास आला का सगळे वळून बघतात, आमच्या गावात एक पाटलीन व्हती तशी. एकाची जागा दुसरा घेत नाय. पूर येतो, पंगत उठते, पुन्ना आपापल्या जागी येऊन बसते.

मी मग पनवेलच्या बाजारात बसायला लागले. मांडव उन्हाळ्यापुरता, बाकी वर्स काय करायचं. गौरी-गनपतीला पत्री नि तेरडा नि केवडा, उन्हाळ्यात वाळ्याच्या जुड्या माठात टाकायला, पावसाळ्यात अळू, आनि निरगुडीचा पाला बारा महिने. एसटी स्टँडाकडून बाजाराकडं वळलं का कोपऱ्यावर माजी जागा. एक आपा यायच्या, कोकनी मुसलमान, पोरगा दुबईला, तीन लेकी, एकामागून एक बाळंतपनाला माहेरी आलेल्या, आनि दर बाळंतपनाला न्हानाच्या पान्यात घालायला निरगुडी माज्याकडून. पाला हुंगून बघायच्या नि म्हनायच्या, यमुना, तेरे नाले का पत्ताच पायजे मला, दुसऱ्याचा नको, इसमें बरकत हाय. तिसऱ्या लेकीला जुळी झाली तवा मिठाई घेऊन आल्या आनि म्हनल्या, अब बस, आता पाला कमी दे. सगळा बाजार हसला.

मग ते सगळं सुरू झालं, तुमाला ठाऊकच हाय, हायवे रुंद झाला, बिल्डिंगी आल्या, कळंबोलीकडून येत येत आमच्या वहाळापर्यंत आल्या. मांडव कापडाचे झाले. आमचं मानूस एका डेकोरेटरकडं बांबू बांधायला लागलं, गाठ ती गाठ, मी म्हनलं, कापड बांध नायतर टाळ बांध. आनि तो मोठा पूर आला, सगळ्या मुंबईला बुडवलं तो, तवा आमचा वहाळ डोंगरावरून असा आला का बोलनं ऐकू येईना. समोरच्या काठावर झाडी साफ करून भराव टाकला व्हता, तो भराव आमच्या डोळ्यांसमोर विरघळून गेला. आमच्या काठाला करंज नि वाळुंज नि मधी यो बोखाडा, मुळांत मुळं घालून उभे. पानी मागल्या पायरीला लागलं आनि तिथंच थांबलं. सासू दारात उभी, शेळी कडंवर घेतलेली, एकटक बोखाड्याकडं बघत. दुसऱ्या दिवशी त्याच्या फांदीत अडकलेला सगळा कचरा, चिंध्या, पिशव्या, तिनं काठीनं एकेक काढला. आनि त्याच्या पुढच्या उन्हाळ्यापासून दुपारची तांदूळ निवडायला त्याच्याच खाली बसायला लागली. बोखाड्यावरची म्हनायचं पन कमी झालं, बंद नाय, कमी.

आनि मग माज्या निलेशचं लगीन ठरलं. त्याला आता चारपाच वर्सं झाली असतील. निलेश तळोज्याला कंपनीत, पाळीची नोकरी. तो म्हनला, आई, पनवेलला हॉल घेऊ, एसी, मांडवाची कटकट नको. मी मनात खट्टू, पन बोलनार काय, जमाना तसा. तर काय सांगू तुमाला, नवरीनंच नाय म्हनून सांगितलं. दर्शना तिचं नाव, पनवेलातच वाढलेली, फ्लॅटमधली. तिनं निलेशला फोन करून सांगितलं, तुज्या बाबांना पानांचा मांडव येतो ना, मला तोच पायजे, माज्या सगळ्या मैत्रिनींचे फोटो एकाच हॉलमधले हायत. आमचं मानूस ते ऐकून उठून बाहेर गेलं आनि अंगनात उगाचच बांबू इकडचे तिकडं करायला लागलं. लय वर्सांनी त्यानं कोयत्याला धार लावली.

पन मेढीचं काय. सासू म्हनाली, आता ह्या वेळला काय चुकू द्यायचं नाय, उंबर म्हंजे उंबर. डोळ्यांना तिच्या तवा पडदा आलेला, हाताला धरून न्यावं लागायचं, पन आवाज तसाच. आनि मान कुनाचा, तर माजी लेक अजून लग्नाची, म्हंजे घरचा जावई पुन्ना धर्माभावोजीच. ताई, त्या मानसानं माज्या लग्नानंतर कुनाच्याच लग्नात उंबर आनला नव्हता. लोक बोलवायचे, यो कंबर दुखते म्हनायचा. गावात पोरं त्याला बघून बोखाडा, बोखाडा ओरडायची, ती पोरं बापय झाली तरी ओरडायची. त्यानं निलेशचं आवतान आलं त्या दिवसापासून ताडी सोडली. ननंद म्हनाली, वयनी, दर वर्षी एक लगीन काढा.

भावोजी वहाळानं वर गेले तर वळनावरचा मोठा उंबर नाय. रस्त्याच्या पुलाला गेला व्हता. खाली पनवेलच्या बाजूला दगडी भिंत झालेली, तिथं तर लव्हाळा पन नाय. फिरले, फिरले, चार दिवस फिरले, उन्हानं काळे पडले. एकच उंबर गावला, तो पन समोरच्या काठाला, नव्या सोसायटीच्या कंपाउंडात, त्यांनी बागेत ठेवलेला. वॉचमन आत सोडंना. भावोजी गेटवर बसून ऱ्हायले, धोतर, टोपी, हातात हळद-कुंकवाची वाटी. शेवटी एक म्याडम गाडीतून उतरल्या, त्यांनी विचारलं, काका, काय पाहिजे. भावोजींनी सांगितलं, झाडाला लग्नाचं आवतान द्यायचं हाय. त्या म्याडम म्हनल्या, अहो, अख्खं झाड न्या, आमच्या गाड्यांवर फळं पडतात. भावोजी म्हनले, नाय, एकच फांदी, आनि आज नाय, उद्या, आज फक्त बोलवायला आलो. त्या बाईला एवढं आवडलं का तिनं सगळ्या बिल्डिंगीतल्या बायकांना खाली बोलवलं, हळद-कुंकू लावताना फोटो काढले, आनि त्या सगळ्याजनी निलेशच्या हळदीला आल्या बरं का, सोसायटीतल्या, नाचल्या पन, आमच्या बायांना मागं टाकलं.

त्याच दिवशी तिन्हीसांजेला भावोजी तिकडून परत आले, अंगनात सासूच्या समोर उभे ऱ्हायले आनि म्हनले, आई, आवतान दिलं. उंबरालाच दिलं. पान आनलंय दाखवायला. सासूनं पान हातात घेतलं, दोन्ही अंगानं चोळलं, गालाला लावून बघितलं. म्हनाली, हां, गुळगुळीत हाय. आनि भावोजी तिथंच जमिनीवर बसले नि लहान पोरासारखे रडायला लागले. सगळे हसतायत आनि तो बापय रडतोय.

मला बरं वाटलं, माज्या पोराचं लगीन खऱ्या उंबरावर लागनार. पन खरं सांगू, वाटलं, माजं मात्र कच्चंच ऱ्हायलं. एवढी वर्सं नांदले, पोरं झाली, म्हातारीचं हगनं-मुतनं काढायची वेळ आली तर तेही मीच काढनार, तरी मेढीला हात लावायला मी मागंच. मी घरात जाऊन भांडी आपटायला लागले.

तवाच सासूनं हाक मारली, यमुना. बोखाड्यावरची नाय, यमुना म्हनाली, ताई. मी बाहेर आले. म्हनाली, हळद-कुंकू घे, तांदूळ घे, मला मागल्या दारी ने. मी म्हनलं, आता कशाला, अंधार पडंल. म्हनाली, ने म्हनते तर. मी तिला हाताला धरून पायऱ्या उतरवल्या. ती चाचपत बोखाड्यापाशी गेली, त्याचं खोड हातानं शोधलं, आनि त्याला हळद लावली, कुंकू लावलं, तांदूळ वाहिले. मग मानसाशी बोलतात तशी म्हनाली, उद्या आमच्या नातवाचं लगीन हाय. यायचं हां.

मी म्हनलं, आई, हे काय करताय, बोखाडा हाय यो. तर मला म्हनते, ठावं हाय मला, डोळे गेलेत, हात नाय गेले. इतकी वर्सं घरच्या मागं उभा हाय, त्याला नको बोलवायला? लोक काय म्हनतील.

आनि पदराला हात पुसत, माज्याकडं न बघता म्हनाली, उद्या मेढीला हळद तू लाव, माजा हात थरथरतो. मी तिथं बोखाड्याला धरून एवढी रडले ताई, एवढी रडले, का म्हातारी म्हनाली, पुरे, झाडाला पानी भरपूर हाय.

दुसऱ्या दिवशी पहाटे भावोजी दोन फांद्या घेऊन आले, उंबर ह्या खांद्यावर, बोखाडा त्या खांद्यावर, मान ताठ. दोन्ही एकात एक बांधून एकच मेढ केली आमच्या मानसानं, आनि वर जांभळीचे टाळ, ते आमच्याच काठाचे. धवलारीन तीच, आता म्हातारी, दात नाय राहिले. ती उंबराचं गानं म्हनायला लागली, मी हळद लावायला पुढं झाले, आनि तिनं एक कडवं झाल्यावर थांबून माज्याकडं बघितलं नि त्याच चालीत बोखाड्याचं नाव घातलं. मागल्या दारचा बोखाडा आला, न बोलवता आला नि घरचा झाला. असं काय तरी म्हनली, जुळवलंन तिथल्या तिथं. सगळा मांडव हसला, सोसायटीतल्या बायका पन हसल्या, त्यांना काय कळलं देव जाने. दर्शनाचे फोटो बघा, सगळ्या फोटोंत मी दात काढून उभी हाय.

ती मेढ मग आमच्या मानसानं तशीच, बांधलेल्या दोन्ही फांद्या, काठावर खोचली. बोखाड्याची त्याच पावसाळ्यात फुटली, तो आळशी नाय. उंबराची आमी सोडून दिली व्हती, सुकली म्हनून, पन दुसऱ्या वर्षी तळाशी एक कोंब दिसला. ते बघा, त्या निरगुडीच्या मागं, गुडघ्याएवढा असंल. भिंतीचं काम खालून वर येतंय, आमच्यापर्यंत कवा येनार माहीत नाय, सोसायटीतल्या त्या म्याडम म्हनतात, आमी बोलू, इथली झाडी ठेवायला सांगू. बघू. भिंतवाले आले तर त्यांना पन चहा देऊ नि म्हातारीला पुढं बसवू, तिच्याशी बोलून मग पुढं जाऊन दाखवा म्हनावं. दर्शनाला आता मुलगी हाय, ती बोखाड्याच्या फांदीला बांधलेल्या झोळीत झोपते. मी अजून बाजारात बसते, निरगुडी अजून इथलीच.

सासू बोखाड्याखालीच बसलेली असते दिवसभर, तुमी येताना बघितलीच. मघाशी तुमी पान्यात पाय घालायला उतरलात ना, तवा मला विचारत व्हती, ही कोन आली ग. मी सांगितलं, पनवेलवरून एक ताई आल्यात, वहाळावरच्या झाडांचं लिहून घ्यायला. म्हनाली, आवतान व्हतं काय हिला. मी म्हनलं, नाय ओ, तशीच आली. तर म्हातारी हसली, बोळक्यानं, नि म्हनाली, मग टिकंल.